वर्गातल्या हवेवर जगात काय चाललंय आणि आपल्या कोकणातल्या शाळेला त्यातलं काय लागू पडतं

गणपतीची सुट्टी संपली की शाळा उघडते त्या दिवशी मी मुद्दाम लवकर जातो. सात-आठ दिवस खोली बंद, बाहेर पाऊस चालूच, आणि मग दार उघडलं की तो कुबट वास अंगावर येतो. बाकांवर पांढुरकी साय धरल्यासारखी बुरशी, वाचनपेटीतल्या पुस्तकांची पानं फुगलेली, लोखंडी कपाट जिथे भिंतीला टेकून उभं आहे तिथे मागे काळे-हिरवे ठिपके, भारताचा नकाशा भिंतीवरून काढला की मागच्या कापडावर तेच. बाई आधी खिडक्या उघडतात, मुलं झाडू घेतात, कोरड्या झाडूनेच ती बुरशी झटकतात कारण दरवर्षी तसंच करत आलोय, आणि अर्ध्या तासात दोघं-तिघं शिंकायला लागतात, एखाद्याचे डोळे चुरचुरतात.

माझी मुलगी तिसरीत आहे, मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, त्यामुळे हे बघून नुसतं हळहळत बसणं बरोबर वाटेना. वर्गातल्या हवेबद्दल जगात कोण काय करतंय ते वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की विषय प्रचंड मोठा आहे, पंधरा-वीस वर्षं देशोदेशीचे लोक एकत्र बसून यावर काम करतायत, पण त्यातलं आपल्याकडे मराठीत काहीच येत नाही. म्हणून जेवढं कळलं तेवढं इथे साधं करून लिहितोय.

आधी हे बघा की मूल वर्गात असतं किती वेळ. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं धरलंय, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे आठ वर्षांत सात हजार तास एकाच इमारतीतली हवा. आणि लहान मूल वजनाच्या हिशोबाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं, फुफ्फुसं अजून वाढतायत, त्यामुळे हवेत जे काही असेल ते त्याला जास्त लागतं. पिण्याचं पाणी आपण तपासून घेतो, टाकी धुतो, पोषण आहाराचा तांदूळ निवडतो, पण हवेकडे बघायची सवयच नाही आपल्याला.

आता हवा चांगली का वाईट ते ओळखायचं कसं? यातली सगळ्यात जुनी युक्ती जर्मनीतल्या म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांची, साल १८५८. त्यांचं म्हणणं असं की माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजा, त्यावरून खोलीतली हवा किती वेळा वापरून झालीय ते कळेल. मर्यादा त्यांनी धरली दहा लाख भागांत १०००, ज्याला आज पीपीएम म्हणतात. बाहेरच्या हवेत आज साधारण ४२० ते ४३० असतो. आपण उच्छ्वासात सोडतो ती हवा मात्र जवळजवळ ४०,००० ची असते. हा वायू एवढ्या प्रमाणात विष नाही हे नीट लक्षात घ्या, तो फक्त खूण आहे. आकडा १००० च्या वर गेला म्हणजे खोलीत ताजी हवा कमी येतेय, आणि मग कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याच्या तोंडातून निघालेले बारीक थेंबही तसेच साठून राहतात.

हिशोब करून दाखवतो, फळ्यावर मांडता येईल असा. तालुक्याच्या गावी एखाद्या शाळेत किंवा क्लासमध्ये ६० मुलं एका खोलीत असतात, खोली धरा ६ मीटर बाय साडेसात मीटर आणि उंची ३, म्हणजे १३५ घनमीटर हवा. एक मूल तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, साठ मुलं ७२० लिटर. खिडक्या घट्ट बंद, एसी चालू, तर आकडा तासाला ५००० च्या वर चढेल. म्हणजे बाहेरच्या ४२० वरून १००० ओलांडायला सहा-सात मिनिटं पुरतात, हजेरी घेऊन होईपर्यंत. आणि साधा स्प्लिट एसी ही आतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरून ताजी हवा आणत नाही. छताचा पंखाही तसाच, तो हवा फिरवतो, बदलत नाही. हे दोन गैरसमज इतके पक्के आहेत की सुशिक्षित पालकही म्हणतात, वर्गात एसी आहे ना, मग हवा चांगलीच असणार.

बरं, या सगळ्यात आंतरराष्ट्रीय सहकार्य कुठे आलं? एका शाळेत एका माणसाने हवा मोजायचं एक यंत्र, म्हणजे मीटर, लावून आकडा घेतला तर त्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही. दुसऱ्याने दुसऱ्या मीटरने, वेगळ्या उंचीवर, वेगळ्या महिन्यात मोजलं की दोघांची तुलनाच होत नाही. म्हणून खरं काम हे की सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजायचं, मुलांना एकच प्रश्नावली द्यायची, मग आकडे एकत्र ठेवायचे. मुलांच्या दम्याच्या बाबतीत हे १९९० च्या दशकात झालं, आयझॅक नावाचा अभ्यास, पहिल्या टप्प्यात ५६ देशांतली १५५ केंद्रं, त्यात भारतातलीही होती, आणि सगळीकडे तोच कागद फक्त भाषा बदलून. त्या अभ्यासाने दाखवलं की दम्याचं प्रमाण देशोदेशी कितीतरी पटींनी वेगळं आहे, म्हणजे नुसतं आईबापाकडून येतं असं म्हणून भागणार नाही, आजूबाजूच्या परिस्थितीत काहीतरी आहे.

मग नजर वर्गाकडे वळली. युरोपात आधी एक छोटा अभ्यास झाला, इटलीतलं सिएना, डेन्मार्कचं आऱ्हुस, नॉर्वेचं ओस्लो, स्वीडनचं उप्साला आणि फ्रान्सचं रँस, पाच शहरांतल्या २१ शाळा. तिथे सुमारे दोन तृतीयांश मुलं १००० च्या वरच्या हवेत बसलेली निघाली आणि अशा वर्गांतल्या मुलांत कोरडा खोकला आणि नाक चोंदणं जास्त दिसलं. त्यानंतर २०१० ते २०१२ मध्ये सिन्फनी नावाचा मोठा प्रकल्प झाला, २३ देशांतल्या ११४ शाळांत एकाच रीतीने मोजणी झाली, धूळ, फर्निचर आणि रंगातून निघणारे वायू, ओल, सगळं. २०१० मध्येच इटलीतल्या पार्मा शहरात आरोग्य आणि पर्यावरण खात्यांचे मंत्री जमले होते आणि मुलांच्या पाळणाघरांत, बालवाड्यांत, शाळांत आतलं वातावरण निरोगी ठेवू असं लेखी कबूल करून गेले. लेखी कबुलीला कमी समजू नका, पुढे निधी मागताना तोच कागद पुढे करता येतो, आपल्याकडे ग्रामसभेच्या ठरावाचं जे महत्त्व आहे तेच.

२०२० मध्ये कोविडने या विषयाला एकदम पुढे आणलं. ब्रिस्बेनच्या प्राध्यापक लिडिया मोरावस्का आणि त्यांच्याबरोबर ३२ देशांतले मिळून २३९ शास्त्रज्ञ यांनी जुलै २०२० मध्ये जाहीर लिहिलं की हा आजार हवेतून पसरतो हे मान्य करा, नुसते हात धुवून आणि बाकं पुसून भागणार नाही. मग जर्मनीत शाळांना सांगितलं गेलं की दर २० मिनिटांनी खिडक्या सताड उघडा, हिवाळ्यात तीन ते पाच मिनिटं. ब्रिटनने २०२१ मध्ये शाळांसाठी सुमारे ३ लाख कार्बन डायऑक्साइड मीटर जाहीर केले. २०२४ मध्ये मोरावस्का आणि अनेक देशांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्वजनिक इमारतींसाठी कायद्यात घालता येतील असे आकडेच सुचवले, कार्बन डायऑक्साइड ८०० पर्यंत, बारीक धूळ (पीएम २.५, म्हणजे फुफ्फुसात खोलवर जाणारे अगदी बारीक कण) घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम, आणि माणशी सेकंदाला १४ लिटर ताजी हवा. २०२५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी घरातल्या आणि इमारतींतल्या हवेसाठी जागतिक प्रतिज्ञा निघाली, त्यात फ्रान्स आणि मॉन्टेनेग्रो ही सरकारं पुढे होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जे आकडे दिले ते आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही हवेला लागू आहेत, बारीक धुळीसाठी वर्षाची सरासरी ५ आणि २४ तासांची १५. आपल्याकडे २००९ चं राष्ट्रीय मानक आहे ४० आणि ६०, तेही बाहेरच्या हवेचं. वर्गाच्या आतल्या हवेसाठी कायद्याने बांधलेला आकडा आपल्याकडे नाही. म्हणजे उद्या मी पंचायत समितीत जाऊन म्हटलं की आमच्या वर्गातली हवा वाईट आहे, तर कुठल्या नियमानुसार वाईट असं विचारलं जाईल आणि माझ्याकडे उत्तर नसेल.

इथपर्यंत वाचून मलाही वाटलं होतं की एक मीटर घ्यावा, वर्गात लावावा, झालं. पण मग मी तोच हिशोब आमच्या शाळेला लावून बघितला. आमची शाळा द्विशिक्षकी, माझ्या मुलीच्या वर्गखोलीत मिळून ९ मुलं बसतात आणि एक बाई. खोली ६ बाय ६, उंची ३, म्हणजे १०८ घनमीटर. नऊ मुलं आणि बाई मिळून तासाला सव्वाशे लिटरच्या आसपास. खोली डबाबंद असती तर आकडा तासाला ११००-१२०० ने चढला असता, पण डबाबंद कसली, वर मंगलोरी कौलं, वाशांच्या फटी, दाराखालून मांजर जाईल एवढी जागा. मीटर लावला तर तो दिवसभर उत्तमच दाखवणार. आणि त्याच खोलीत भिंतीला बुरशी आहे, मुलं खोकतायत.

माझं जे काही म्हणणं आहे ते इथेच आहे. जगाने मिळून जी मोजपट्टी बनवली ती थंड देशांतल्या, भरलेल्या, खिडक्या बंद ठेवणाऱ्या वर्गांवरून बनली. ती खोटी नाही, मुंबई-पुण्याच्या साठ मुलांच्या एसी वर्गाला ती तंतोतंत लागू पडते. पण कोकणातल्या पटसंख्या घटलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची अडचण गर्दीची नाही, ओलीची आहे, आणि तिच्यासाठी मोजपट्टीचं दुसरं टोक वापरावं लागतं.

ओलीवरही जगाने काम केलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या जर्मनीतल्या बॉनच्या केंद्राने २००९ मध्ये ओल आणि बुरशी यावर स्वतंत्र मार्गदर्शन काढलं. त्यात मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही की त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, बुरशीचे कण हवेत अमुक इतके चालतील असा आकडा देता येत नाही. बुरशीच्या जाती हजार, प्रत्येकाचं शरीर वेगळं, मोजायच्या पद्धती कच्च्या. म्हणून आकडा न देता त्यांनी सरळ सांगितलं की दिसणारी बुरशी, ओल किंवा तिचा वास हीच खूण धरा, ओल होऊच देऊ नका आणि झालीच तर ती दूर करा. म्हणजे याला मीटर लागत नाही, डोळे आणि नाक लागतं, जे आपल्या बाईंकडेही आहे आणि तिसरीतल्या मुलांकडेही.

शाळांतल्या ओलीवर फिनलंड, नेदरलँड्स आणि स्पेन या तीन देशांनी एकत्र अभ्यास केला. ओलीने खराब झालेल्या शाळा फिनलंडमध्ये सुमारे २४ टक्के, नेदरलँड्समध्ये २० टक्के, स्पेनमध्ये तब्बल ४१ टक्के निघाल्या. श्रीमंत देश, तरी एवढ्या. पण मुलांच्या खोकल्याशी, दम्याशी संबंध सगळ्यात स्पष्ट दिसला तो फिनलंडमध्ये, जिथे आकडा सगळ्यात मोठा नव्हता. म्हणजे सगळी ओल सारखी नसते, हवामान वेगळं, इमारत वेगळी, परिणाम वेगळा. मग आपल्या जुलैचा परिणाम काय, हे स्पेनवरून किंवा फिनलंडवरून काढता येणार नाही, आपल्यालाच बघावं लागेल.

आता जरा ओलीचं गणित, कारण यात एक मोठी फसगत आहे. युरोपातल्या सगळ्या पुस्तिका सांगतात की ओल घालवायची तर खिडक्या उघडा. तिथे ते खरंच आहे. शून्य अंशाच्या हवेत फार तर ५ ग्रॅम पाणी मावतं, एका घनमीटरला. ती हवा खिडकीतून आत आली आणि २० अंशाला तापली की तिच्यात १७ ग्रॅम मावेल एवढी जागा होते, म्हणजे ती तहानलेली हवा असते, भिंतीतली ओल शोषून घेते आणि बाहेर जाते. आपल्याकडे जुलैत बाहेर २७ अंश, आर्द्रता ९० टक्के, म्हणजे घनमीटरला २३ ग्रॅम पाणी आधीच भरलेलं, मावतं फक्त २६ च्या आत. अशी हवा खिडकीतून आत घेतली तर ती काय सुकवणार? उलट जांभ्याची भिंत हवेपेक्षा दोन अंश गार असली तरी त्या हवेला भिंतीवर घाम फुटतो. झडीच्या दिवसांत खिडकी उघडली तर शिंकांचे थेंब, धूर, रंगाचा वास हे सगळं जातं आणि त्यासाठी ती उघडायलाच हवी, पण ओल जात नाही.

हे आम्हाला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. दोन वर्षांपूर्वी समितीने लोकवर्गणी काढली, मुंबईकरांनीही दिली, आणि शाळा मे अखेर आतून प्लास्टिक पेंटने रंगवून घेतली. कॉन्ट्रॅक्टरने भिंत सुकलीय का बघितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. खाली जोत्यातून ओल वर चढते, चिरा पाणी ओढतो, वरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा, मग पाण्याने जायचं कुठे? ऑगस्टमध्ये भिंतीला फोड आले, फोड फुटले, आणि त्या पापुद्र्यामागे काळी बुरशी. शिवाय शाळा उघडली जूनच्या मध्याला, तोवर रंगाचा वास गेलेला नव्हता, पहिला आठवडा मुलं डोकं दुखतंय म्हणत होती. पैसे गेलेच, पण ज्यांनी विश्वासाने पाठवले होते त्यांना फोटो पाठवताना फार वाईट वाटलं.

आमच्या आजीच्या वेळी मे महिन्यात चुना कालवून भिंती सारवायचे, त्यामागे शास्त्र आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. चुना जबरदस्त अल्कली असतो, त्यावर ताजा असताना बुरशी रुजत नाही, आणि त्याचा थर श्वास घेतो, भिंतीतली ओल ऑक्टोबरच्या उन्हात बाहेर निघून जाते. दरवर्षी द्यावा लागतो हे खरं, हाताला लागतो हेही खरं. पण जांभ्याच्या भिंतीला तोच जुळतो आणि खर्चही प्लास्टिक पेंटच्या मानाने थोडा.

पाणी आत येऊच द्यायचं नाही, ही खरी पहिली पायरी. कौलं परतायची, फुटकी बदलायची, पन्हळ साफ ठेवायची, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून हातभर लांब पडेल अशी चर काढायची, वाऱ्याच्या बाजूला झावळ्यांच्या झडी बांधायच्या. हे सगळं प्रत्येक कोकणी माणसाला येतं, घराला आपण हे न चुकता करतो, शाळेलाच करत नाही कारण शाळा सरकारची. मग कपाट, पेट्या, तांदळाची पोती भिंतीपासून वीतभर पुढे ओढायची म्हणजे मागे हवा फिरेल. ओले रेनकोट आणि छत्र्या वर्गात नको, पडवीत दोरी बांधा. नऊ रेनकोटांतून निथळणारं पाणी वर्गातच जिरलं की ते दिवसभर हवेत असतं. बुरशी झाली असेल तर ओल्या फडक्याने साबणाच्या पाण्याने पुसायची, मोठ्या माणसाने, नाकाला रुमाल किंवा मास्क बांधून, आणि मुलांना तेवढा वेळ बाहेर पाठवून. कोरड्या झाडूने झटकली की ती हवेत उडते आणि थेट नाकात जाते, त्या शिंका तिथूनच येतात.

पुस्तकांच्या कपाटासाठी एक जुनी युक्ती सांगतो. पूर्वी कपड्यांच्या कपाटात पावसाळ्यात ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवायचे. हवा पाच-सहा अंशांनी तापली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं पण जागा वाढते, ९० टक्क्यांची आर्द्रता ६५ च्या आसपास येते आणि बुरशीला लागतं त्याच्या खाली जाते. एलईडी बल्बने हे होत नाही, तो तापत नाही. जुना बल्ब मिळाला तर कागदापासून लांब, जाळीत, आणि शाळा चालू असताना कुणाच्या तरी नजरेखालीच लावा.

डिजिटल वर्गाबद्दल एक गोष्ट मला फार खटकते. बऱ्याच शाळांत प्रोजेक्टर नीट दिसावा म्हणून एका खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद केल्यात, वर जाड पडदे लावलेत, आणि सगळ्या इयत्तांची मुलं एकदम त्या खोलीत बसवतात. उघडी शाळा असून आपणच तिच्यात एक कोंदट खोली तयार केली. पडदा ठेवा, पण पंधरा-वीस मिनिटांचा व्हिडिओ संपला की पडदा सरकवून खिडकी उघडा, जर्मनीतल्या मुलांनी बर्फ पडत असताना केलं ते आपल्याला सहज जमेल.

आता धूर. पोषण आहाराची खोली बहुतेक ठिकाणी वर्गाला लागूनच असते. गॅस आहे, पण सिलेंडर संपला आणि दुसरा यायला उशीर झाला की चूल पेटते, आणि पावसात लाकडं ओलीच. आमच्या खिचडी करणाऱ्या काकू म्हणाल्या, "वल्या लाकडाचा धूर व्हनारच रे बाबा, माझं काय, माझं आयुष्य गेलं धुरात, पन पोरांच्या डोळ्यांत पानी येतं ते बघवत नाय." ओलं लाकूड अर्धवट जळतं म्हणून त्याचा धूर जास्त आणि बारीक कण जास्त, वर सांगितलेले १५ आणि ६० चे आकडे अशा वेळी कुठल्या कुठे मागे पडतात. मधल्या भिंतीतली वरची फट बंद केली आणि चुलीच्या खोलीला बाहेरच्या बाजूला धुराडं काढलं तर वर्गात येणारा धूर बराच कमी होतो. काकूंसाठीही ते तितकंच गरजेचं आहे. आणि एक जादा सिलेंडर शाळेच्या नावावर राखीव ठेवला तर चुलीची वेळच येणार नाही.

अंगणवाडीत लहानगी दुपारी झोपतात तेव्हा डासांसाठी कॉइल लावतात. २००३ मध्ये अमेरिकेतल्या आणि मलेशियातल्या संशोधकांनी मिळून चीन आणि मलेशियाच्या बाजारातल्या कॉइल तपासल्या होत्या, एका कॉइलमधून निघणारी बारीक धूळ ७५ ते १३७ सिगारेटींएवढी भरली. तीन वर्षांच्या पोराच्या उशाशी हे नको. मच्छरदाणी शिवून घ्या, खिडक्यांना जाळी मारा, आठवड्याला पाण्याची भांडी उलटी करा. खडूच्या धुळीचं मात्र लोक उगाच फार घेतात. ओला डस्टर वापरला की तो प्रश्न बराचसा मिटतो.

पत्र्याबद्दल मात्र सावकाश लिहायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि रायगड, मंडणगड, दापोली पट्ट्यात घरांबरोबर शाळांचीही छपरं उडाली. कौलं मिळेनात, सुतार मिळेनात, मग जे मिळेल ते टाकलं, कुठे रंगीत लोखंडी पत्रे, कुठे सिमेंटचे. जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे बहुतेक ॲस्बेस्टॉस घातलेले असतात. अख्खा, न फुटलेला पत्रा डोक्यावर आहे म्हणून लगेच घाबरू नका, पण तो फुटला, कापला, भोक पाडलं किंवा घासला की डोळ्याला न दिसणारे तंतू हवेत येतात, ते फुफ्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी कॅन्सर करू शकतात. वादळानंतर फुटक्या पत्र्यांचे तुकडे शाळेच्या पाखाडीवर भर म्हणून टाकलेले मी स्वतः बघितलेत, आणि मुलं त्यांनी दगडावर रेघोट्या ओढत होती.

आंतरराष्ट्रीय सहकार्य अडतं कसं ते इथे दिसतं. साठपेक्षा जास्त देशांनी ॲस्बेस्टॉस बंद केलंय, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना दोघी म्हणतात की त्याचा एकही प्रकार सुरक्षित नाही. रॉटरडॅम करार नावाचा एक करार आहे, त्याच्या यादीत एखादा पदार्थ गेला की निर्यात करणाऱ्याला आधी धोका सांगून समोरच्या देशाची संमती घ्यावी लागते. बंदी नाही, फक्त सांगून विकायचं. पांढरं ॲस्बेस्टॉस त्या यादीत घालायचा विषय २००६ पासून बैठकीमागून बैठकीत येतोय आणि पडतोय, कारण सगळ्यांचं एकमत लागतं आणि मूठभर देश अडवतात. भारतानेही त्याला विरोध केलेला आहे. आपल्याकडे खाणीतून काढायला परवानगी नाही पण बाहेरून आणून पत्रे बनवायला आहे. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, कारण तो पत्रा शेवटी जातो कुठे तर ज्यांना दुसरं छप्पर परवडत नाही त्यांच्या डोक्यावर, म्हणजे आपल्याच शाळांवर आणि गोठ्यांवर.

मग गावपातळीवर करायचं काय? अमेरिकेत १९९५ पासून शाळांसाठी एक फुकट साधन आहे, तिथल्या पर्यावरण खात्याने काढलेलं, त्यातली मुख्य कल्पना अगदी घरगुती आहे. शाळेतल्या एका माणसावर हवेची जबाबदारी द्यायची, त्याने हातात कागद घेऊन छपरापासून स्वयंपाकाच्या खोलीपर्यंत फेरी मारायची, दिसलं ते लिहायचं. मी तो कागद आपल्याकडचा करून घेतलाय. त्यात हीटर आणि कार्पेट काढून टाकलं आणि कौलं, पन्हळ, झडी, जोतं, रेनकोट, तांदळाची पोती, चूल, पत्रा, कॉइल, प्रोजेक्टरची खोली हे घातलं. वर्षातून तीन फेऱ्या, मे मध्ये शाकारणीच्या आधी, गणपतीची सुट्टी संपते त्या सकाळी, आणि दिवाळीनंतर भिंती सुकल्यावर. प्रत्येक वेळी त्याच कोपऱ्याचा फोटो, तारखेसकट. आणि हजेरीच्या वहीत बाई आता खोकल्याने घरी राहिलेल्या मुलाच्या नावापुढे एक छोटी खूण करतात, बस एवढंच.

एका शाळेची अशी वही म्हणजे काहीच नाही हे मला माहीत आहे. पण सावंतवाडीपासून श्रीवर्धनपर्यंत वीस शाळांनी एकाच कागदावर, त्याच तीन दिवशी लिहिलं तर आपल्याकडेही एक मोजणी होईल, जी आज कुठल्याच देशाच्या अहवालात नाही. तुमच्या शाळेत कुणी करणार असेल तर फक्त तीन गोष्टी आमच्यासारख्याच ठेवा, फेरीचे दिवस, फोटोचा कोपरा आणि खोकल्याची खूण. आमची यंदाची मे ची फेरी झाली, पश्चिमेच्या भिंतीवरची चौदा कौलं फुटकी निघाली, कपाट वीतभर पुढे ओढलंय आणि प्लास्टिक पेंट खरवडून खाली चुन्याचा पहिला हात मारून झालाय, दुसरा रविवारी मारायचाय.